‘३० मिलिग्रॅमपर्यंत मद्यपान’ हे वाक्य कुठे चुकते?

विचारणा अशी : ‘कायद्यानुसार ३० मिलिग्रॅमपर्यंत मद्यपान करून वाहन चालवता येते’ हे वाक्य बरोबर आहे का? आणि मर्यादा ओलांडणाऱ्या प्रत्येकाला ‘मद्यधुंद चालक’ म्हणावे का?

वाक्य चुकीचे आहे, आणि चूक साधी नाही. भारतातल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधली मर्यादा ‘१०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्क’ अशी आहे. पोटात किती गेले याच्याशी तिचा थेट संबंध नाही. रक्तात किती आढळले ते ती मोजते. शिवाय ती मद्याची नाही, मद्यार्काची आहे. मद्य म्हणजे पेय, मद्यार्क म्हणजे त्यातला नशा आणणारा घटक. बोलताना ‘अल्कोहोल’ दोन्हींना चालून जाते; या विषयावर लिहिताना मात्र मद्यार्कच लिहावे.

घोळ किती मोठा होतो, ते हिशेब केल्यावर कळते. ४० टक्के मद्यार्क असलेल्या दारूच्या ३० मिलिलिटरमध्ये १२ मिलिलिटर, म्हणजे वजनाने साधारण साडेनऊ ग्रॅम मद्यार्क असतो. साडेनऊ हजार मिलिग्रॅम! उलट ३० मिलिग्रॅम मद्यार्क त्याच दारूच्या जेमतेम दोन थेंबांत येतो. तरीही ‘तीस एमजी’ कानाला ‘तीस एमएल’सारखे वाटते आणि ‘एक छोटा पेग चालतो’ असा समज पक्का होतो. तेवढ्याच पेयाने रक्तातले प्रमाण कुणाचे किती वाढेल, हे वजन, शरीरातले पाणी, पोट रिकामे की भरलेले यांवर ठरते. म्हणून एकके लघुरूपात न लिहिता पूर्ण लिहावीत, आणि ‘१०० मिलिलिटर रक्तात’ हे शब्द कधीही गाळू नयेत.

ते गाळले की परदेशी आकडेही फसवतात. इंग्लंडमध्ये रक्तासाठी ८० मिलिग्रॅम, पण श्वासासाठी ३५ मायक्रोग्रॅम. दोन्ही १०० मिलिलिटरमागे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत ०.०८ टक्के, जर्मनीत सर्वसाधारण मर्यादा ०.५ प्रोमिल. आकडे नुसते वाचले तर जर्मनी सैल वाटते. पण प्रोमिल म्हणजे दर हजारी. शेकड्यात आणले की तेच ०.०५ होते, म्हणजे जर्मन मर्यादाच अधिक कडक. भारताचे ३० मिलिग्रॅम याच मापाने ०.०३ टक्के.

आता ‘मद्यधुंद’. धुंद हे माणसाच्या अवस्थेचे वर्णन आहे : तोल जाणे, बोलणे अडखळणे, भान सुटणे. मद्यार्काच्या मर्यादेच्या गुन्ह्याला यातले काहीच लागत नाही. चाचणीत ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त मद्यार्क आढळला की पुरे, मग माणूस सरळ उभा असो की डोलत. ‘मी धुंद नव्हतो’ हा बचाव म्हणूनच निरुपयोगी ठरतो, आणि आपले ढोबळ शब्द मात्र तो वाचकाच्या मनात रुजवतात. भान खरोखर सुटलेले दिसले असेल तिथेच ‘मद्यधुंद’ लिहावे. एरवी ‘रक्तात मर्यादेपेक्षा जास्त मद्यार्क आढळलेला चालक’ लिहावे. मथळ्यात जागा कमी असेल तर ‘मद्यप्राशन केलेला चालक’ चालेल, फक्त खाली बातमीत आकडा एककासह द्यावा.