दुखत नाही म्हणून रोज तिथेच?

प्रश्न: सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, दोन वर्षं झाली इन्सुलिन चालू आहे, सकाळी २० युनिट मीच टोचते. बेंबीच्या उजवीकडे एकच जागा ठरलेली, तिथे दुखत नाही म्हणतात. आता तिथे लिंबाएवढं मऊ फुगलंय आणि शुगर कधी ९० तर कधी ३००. डोस वाढवू का? आणि परवा बाटली संपली म्हणून मुलाने इन्सुलिनच्या पेनची रिफिल आणली, त्यातलं सिरिंजने काढून दिलं तर चालेल ना?

उत्तर: ताई, आधी शेवटचं सांगते कारण ते वाचून माझ्याच पोटात गोळा आला. नाही चालणार. आपल्याकडच्या नेहमीच्या बाटलीत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, रिफिलमध्ये १००. तुमची लाल टोपणाची सिरिंज ४० वालीसाठी बनवलेली, तिच्यात रिफिलमधलं २० च्या खुणेपर्यंत भरलं की आत जातात ५० युनिट, म्हणजे अडीचपट, आणि आई बसल्या जागी घामाघूम होऊन बेशुद्ध पडू शकतात. रिफिल पेनमध्येच. बाटलीवर ४० लिहिलंय का १०० ते दर वेळी वाचायचं, चष्मा लावून.

आता ते लिंबू. एकाच जागी टोचत राहिलं की कातडीखालची चरबी अशी फुगते, तिथे दुखत नाही हे खरंय पण औषधही नीट शोषलं जात नाही, कधी पटकन उतरतं कधी रेंगाळतं, म्हणून शुगरचा हा खेळ. डोस वाढवायचा नाही! उलट चांगल्या जागी टोचायला लागलात की तेच २० युनिट जास्त लागू पडतील, त्यामुळे जागा बदलायच्या आधी डॉक्टरांना फोन करून डोस कमी करायचा का ते विचारा आणि सुरुवातीचे काही दिवस शुगर जास्त वेळा तपासा. हात थरथरले, घाम फुटला, मशीनवर ७० च्या खाली दिसलं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं.

जागेचं सोपं आहे, पोटाचे मनातल्या मनात चार भाग करा, बेंबीपासून दोन बोटं सोडून, एक आठवडा एक भाग, आणि रोज कालच्या टोचीपासून बोटभर सरकायचं. फुगलेल्या जागेला काही महिने हातच लावायचा नाही. कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहितो ना, तिथेच बाजूला लिहून ठेवा, माझे पेशंट तसंच करतात.

औषध दुधाळ असेल तर बाटली तळहातांमध्ये दहा-वीस वेळा हळू फिरवायची, खळाखळा हलवायची नाही. चिमटीत कातडी धरून टोचा, दट्ट्या पूर्ण दाबल्यावर दहापर्यंत मोजा, मग सुई बाहेर, चोळायचं नाही. वापरलेली सुई टोपण न लावता थेट जाड प्लास्टिकच्या डब्यात, कचरा उचलणाऱ्या बाईंच्या हाताचा विचार करा.

नवीन जागी त्या दुखतं दुखतं करतीलच. चालू बाटली फ्रीजमधून थंडगार काढून लगेच टोचलं तर जास्त झोंबतं, अर्धा तास आधी बाहेर काढा. आणि सुई रोज नवी घ्या, एकच सुई आठवडाभर चालवणाऱ्या घरात मी पाहिलंय, चौथ्या दिवशी ती टोचत नाही, खुपसावी लागते.