जुन्या तुळया वखारीत देऊ नका

घर बांधताना : वाचकांचे प्रश्न, वास्तुरचनाकाराची उत्तरं

प्रश्न : आमचं गाव पाटण तालुक्यात ढेबेवाडीजवळ आहे. आजोबांनी बांधलेलं घर उतरवून त्याच जागी नवं बांधायचंय. सागाच्या तुळया, खांब, वासे मिळून शंभर घनफूट लाकूड निघेल, असं सुतार म्हणतो. ठेकेदाराचं म्हणणं, लाकूड वखारीत विका आणि स्लॅब टाका. पुण्यात शिकणारी मुलगी म्हणते, लाकडाचं घर म्हणजे झाडांची कत्तल. काय करावं?

उत्तर : दादा, लाकूड विकू नका. ठेकेदाराला स्लॅब सोपा पडतो, कारण सेंट्रिंगवाला आणि सळईवाला त्याच्या हाताशी असतो. चांगला सुतार शोधावा लागतो. तेवढ्यासाठी आजोबांचं सागवान घालवू नका.

तुमच्या लेकीची काळजी खरी आहे, पण ती नव्या तोडीला लागू पडते. तुमच्या तुळयांची झाडं आजोबांच्या काळातच तुटली. झाड वाढताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि त्यातला कार्बन लाकडात साठवतं. सुक्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन कार्बनचंच असतं. त्या हिशेबानं तुमच्या शंभर घनफुटांत साधारण तीन टन कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन अडकून आहे. लाकूड छपरात आहे तोवर तो तिथेच राहणार. ते कुजलं किंवा जळणात गेलं की परत हवेत. सिमेंटचं उलटं आहे. भट्टीत चुनखडी १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. त्या इंधनाचा धूर वेगळाच, शिवाय खुद्द चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड सुटतो. जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. पायाला, न्हाणीघराला, पाण्याच्या टाकीला सिमेंट वापराच. पण ज्या छपराला चांगलं लाकूड घरातच आहे, तिथे सिमेंट कशाला?

तुमच्या भागापुरता आणखी एक मुद्दा आहे आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप घरातल्या थोरल्यांना आठवत असेल. भूकंपात घरावर येणारा जोर घराच्या वजनावर ठरतो. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर जातं; वासे, रिपा आणि मंगळुरी कौलं मिळून त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास बसतात. मात्र हलकं छप्पर म्हणजे आपोआप सुरक्षित छप्पर, असं समजू नका. भिंतींच्या माथ्यावर सलग पट्टा हवा, तुळया त्या पट्ट्याला पोलादी पट्ट्या आणि बोल्टांनी जखडलेल्या हव्यात, कैच्यांना, म्हणजे छपराच्या तिकोनी सांगाड्यांना, तिरके आधार हवेत. नुसती भिंतीवर टेकवलेली तुळई हादऱ्यात सरकते. हे काम अभियंत्याकडून काढून घ्या, अंदाजानं करू नका.

आता तुळई कशी पारखायची ते सांगते. घर उतरवताना लाकूड ओढून पाडू देऊ नका; कौलं, रिपा, वासे, तुळया या क्रमानं उतरवा आणि प्रत्येक नगावर खडूनं आकडा घाला. मग तुळईची दोन्ही टोकं बघा. मधला भाग बहुतेकदा ठणठणीत असतो. खराबी होते ती भिंतीत गाडलेल्या टोकाशी, कारण तिथे ओल असते आणि वारा नसतो. हातोडीनं ठोकत जा. भरीव आवाज एका जागी बोदा झाला की तिथे टोच्या दाबून बघा. टोच्या सहज आत गेला, तर तिथून पुढे वीतभर चांगलं लाकूड लागेपर्यंत कापून टाका. बारा फुटांची तुळई दहा फुटांची झाली तर त्या खोलीचं माप दहा फुटांना बेता. नव्या घराचा नकाशा जुन्या लाकडाच्या मापानं काढता येतो, आणि मी तो तसाच काढते. करवतीला लावण्याआधी जुने खिळे एकूण एक उपटा.

बसवताना खांब जमिनीत गाडू नका. जुन्या लोकांनी खांबाखाली दगडी तळखडा दिला तो उगाच नाही. त्यावर खांब कोरडा राहतो आणि वाळवीची मातीची वाट वर चढताना डोळ्यांना दिसते. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी धरत नाही. म्हणून पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात इतकं, निदान अडीच फूट, छप्पर बाहेर काढा आणि तुळईच्या टोकाभोवती भिंतीत बोटभर मोकळी जागा सोडा. पाटणच्या पावसात रंगापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

प्रश्न : आम्हाला दरवाजे-खिडक्यांसाठी नवीन सागवान घ्यायचंय. चांदोलीचं जंगल आमच्या जवळच. घेतलेलं लाकूड चोरीचं नाही, हे कसं ओळखायचं? — एक वाचक भगिनी, शिराळा

उत्तर : ताई, हा प्रश्न गिऱ्हाइकांनी विचारायला लागलं तर निम्मं काम होईल. चांदोली आणि कोयना मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला; तिथला एक ओंडकाही आपल्या चौकटीत यायला नको.

वखारवाल्याकडे पक्की पावती मागा आणि लाकूड कुठून आलं तो वाहतूक परवाना दाखवायला सांगा. वनखात्याच्या आगारातल्या ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का असतो. कागद विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याकडून घेऊ नका, दर कितीही कमी असू दे. परदेशी सागवान असेल तर देश विचारा. म्यानमारनं २०१४ पासून ओंडके बाहेर पाठवणं बंद केलंय, तेव्हा कुणी ‘नवा आलेला बर्मा साग’ म्हणून ओंडका दाखवला तर सावध व्हा. घाना, इक्वेडोरकडचा लागवडीचा साग मिळतो. एफएससी प्रमाणपत्र, म्हणजे जंगल नीट राखून काढलेल्या लाकडाचा आंतरराष्ट्रीय दाखला, आहे म्हणत असतील तर त्याचा क्रमांक तुमच्या बिलावर लिहून मागा. दुकानाच्या भिंतीवर टांगलेल्या प्रमाणपत्राला अर्थ नाही.

मला विचाराल तर बांधावरचा साग सगळ्यांत चांगला, तुमचा किंवा शेजाऱ्याचा. पण स्वतःच्या रानातला साग तोडायलाही १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगी लागते. ती आधी काढा, आणि तोडाल त्याहून जास्त रोपं त्याच बांधावर लावा. लागवडीच्या कोवळ्या सागात कडेचं पांढरं लाकूड जास्त निघतं. सागाचा पिवळसर-तपकिरी गाभा वाळवीला दाद देत नाही, पण पांढऱ्याला तो गुण नाही. ते चौकटीत येऊ देऊ नका. आलंच तर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवून, नीट वाळवून, कोरड्या आतल्या जागीच वापरा. ओलं लाकूड स्वस्त मिळतं म्हणून घेतलं की उन्हाळ्यात फट पडते आणि पावसाळ्यात दार अडतं.

प्रश्न : २०१९ च्या पुरात आमच्या सांगलीच्या घरात पाणी होतं. आता पुन्हा लाकूड वापरावं का? — एक वाचक, सांगली

उत्तर : तळमजल्यावर पूररेषेपर्यंत दगड, वीट, फरशी, लाकूड त्याच्या वर. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफची, म्हणजे लाकडाचा चुरा किंवा तंतू दाबून केलेल्या फळ्यांची, कपाटं तळाला बसवू नका, ती एका पुरात फुगून फुटतात. तिथे दार लाकडीच हवं असेल तर भरीव सागाचं करा, आणि बिजागऱ्या अशा लावा की इशारा आल्यावर दार काढून माडीवर नेता येईल. भिजलंच तर चिखल धुऊन सावलीत आडवं ठेवा, खाली पट्ट्या घाला आणि सावकाश वाळू द्या. उन्हात टाकलेलं दार पिळतं. पूर्ण सुकल्याशिवाय पॉलिश करू नका.