पोर्ट सिक्युरिटी असूनही एआरपी स्पूफिंग का होतं?

पोर्ट सिक्युरिटी लावून स्विचच्या प्रत्येक पोर्टवर एकच मॅक (नेटवर्क कार्डचा हार्डवेअर पत्ता) बांधलाय, तरी अधूनमधून काही पीसींच्या एआरपी टेबलमध्ये (कोणत्या आयपीचा मॅक कोणता, याची यादी) गेटवेसमोर (बाहेर जायचं दार असलेला राउटर) भलताच मॅक दिसतो, असं तुम्ही लिहिलंय. स्विच बिघडलेला नाही. पोर्ट सिक्युरिटी बघते तो फ्रेमच्या, म्हणजे डेटाच्या पाकिटाच्या, हेडरमधला सोर्स (पाठवणाऱ्याचा) मॅक, आणि तिथे स्पूफिंग करणारा स्वतःचा खराच मॅक लिहितो. थाप असते ती आतल्या एआरपी निरोपात: 'गेटवेचा आयपी माझा.' पाकिटावरचं नाव खरं, आतलं पत्र खोटं. १९८२ च्या आरएफसी ८२६ मध्ये, म्हणजे एआरपीचे नियम ठरवणाऱ्या दस्तऐवजात, एआरपीला ओळख पटवायची सोयच नाही, त्यामुळे समोरचा पीसी मुकाट्याने ऐकतो. तरी पोर्ट सिक्युरिटी काढू नका, मॅक फ्लडिंगला (खोट्या मॅकचा मारा करून स्विचची यादी भरून टाकणं) तीच आवरते.

तुमचा स्विच सिस्कोचा आहे, म्हणून त्याच हिशेबाने सांगतो. आधी डीएचसीपी स्नूपिंग लावा, म्हणजे आपोआप आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीच्या निरोपांवर स्विच नजर ठेवतो. ते ग्लोबली चालू करून भागत नाही, त्या त्या व्हीलॅनवरही (स्विचवरचा वेगळा केलेला नेटवर्कचा भाग) चालू करावं लागतं. डीएचसीपी सर्व्हरकडे जाणारा अपलिंक पोर्ट तेवढा ट्रस्टेड, म्हणजे विश्वासातला, करा. मग कोणत्या पोर्टवर कोणत्या मॅकला कोणता आयपी मिळाला, याची बाइंडिंग टेबल स्विच स्वतः भरत जातो. ती फ्लॅशमध्ये साठवायला सांगा, नाहीतर लाइट गेली की पाटी कोरी. स्नूपिंग लावल्यावर कुणालाच आयपी मिळेना झालं तर ऑप्शन ८२ (स्विच डीएचसीपी विनंतीत घालतो ती पोर्टची माहिती) बंद करून बघा. बहुतेकदा तेच निघतं.

त्यानंतर डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन, म्हणजे डीएआय. प्रत्येक एआरपी निरोप ते या टेबलशी ताडून बघतं आणि जुळला नाही तर टाकून देतं. म्हणून टेबल भरेपर्यंत, म्हणजे सगळ्यांच्या लीज (डीएचसीपीने ठरावीक मुदतीसाठी दिलेले आयपी) एकदा रिन्यू होईपर्यंत, थांबा. मी एकदा भर दुपारी डीएआय चालू केलं आणि अख्खा मजला बंद पाडला. अपलिंक स्नूपिंगसाठी ट्रस्टेड केला होता, पण डीएआयचा ट्रस्ट वेगळा द्यावा लागतो हे डोक्यातच आलं नाही. गेटवेचा आयपी स्टॅटिक (हाताने दिलेला), टेबलमध्ये नोंद नाही, त्याची खरी उत्तरंसुद्धा गाळली गेली. अपलिंक सुधारल्यावरही प्रिंटर आणि हजेरीचं मशीन गप्पच, कारण तेही स्टॅटिक. अशांसाठी एआरपी एसीएल (कोणत्या आयपीला कोणता मॅक चालेल, याची हाताने लिहिलेली यादी) लिहा, किंवा मला विचाराल तर सरळ डीएचसीपी रिझर्व्हेशन (त्या मॅकला नेहमी तोच आयपी) द्या.

अनट्रस्टेड पोर्टवर सेकंदाला १५ एआरपी पॅकेट्सची डिफॉल्ट मर्यादा असते. मीटिंग रूमसारख्या ठिकाणी एका पोर्टवर जास्त मॅक चालू दिले असतील, तर तिथल्या साध्या आठ पोर्टच्या स्विचमागे सगळे लॅपटॉप एकदम जागे झाले की ती ओलांडली जाते आणि पोर्ट एरर-डिसेबल होतो, म्हणजे स्विच तो बंद करून टाकतो. तिथे मर्यादा वाढवा, एरर-डिसेबल रिकव्हरीही (बंद पोर्ट आपोआप परत चालू करणारी सोय) लावून ठेवा. डीएआय फक्त एआरपी तपासतं; कुणी खोटा सोर्स आयपी घालून पॅकेट पाठवली तर त्यासाठी आयपी सोर्स गार्ड लागतो.

गाळलेल्या एआरपीची नोंद लॉगमध्ये पोर्ट नंबरासकट येते. तो नंबर मिळाला की केबल धरून थेट त्या टेबलापर्यंत जा. मला दोनदा तिथे हॅकर नव्हे, दुसऱ्याचं नेट तोडून आपलं वाढवू पाहणारा नेटकटवाला (एआरपी स्पूफिंगने इतरांचं नेट तोडणारं नेटकट हे सॉफ्टवेअर वापरणारा) सापडलाय.