साठीनंतर दम कसा वाढवावा?

तुम्ही विचारलंय: वय ६६, चढ चढताना धाप लागते, दम वाढवायला रोज किती चालावं? मी ७१ चा, पणजीच्या मळा भागात राहतो. मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या माझ्याही वाट्याला आहेतच.

आधी एक सांगा, धाप नवीन आहे का? गेल्या दोन-तीन महिन्यांतच सुरू झाली असेल, पाय सुजत असतील किंवा छातीत दडपण येत असेल, तर चालणं राहू द्या, पहिल्यांदा डॉक्टरांना दाखवा.

माझा गाढवपणाही ऐका. निवृत्त झालो आणि अंगात वारं शिरलं. पहिल्याच आठवड्यात रोज आल्तिन्यो टेकडीचा चढ! पाचव्या दिवशी गुडघा टम्म सुजला, तीन आठवडे घरात. छातीला सवय लवकर होते हो, सांध्यांना आणि स्नायुबंधांना वेळ लागतो.

मग कांपालला मांडवीकाठी सपाट रस्त्यावर दहा मिनिटांपासून पुन्हा सुरुवात केली. आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवायची. आधी वेळ, मग वेग, चढ सगळ्यात शेवटी. सोबत्याशी पुरं वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढाच वेग. मुलाने नाडी मोजणारं घड्याळ दिलंय, पण मला बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू आहे. ती गोळी नाडी फारशी चढू देत नाही, त्यामुळे घड्याळ म्हणतं 'मजेत आहात' आणि इथे माझा भाता चाललेला! जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तिथे पोचायला मला चार महिने लागले.

पण पायऱ्या सोप्या झाल्या त्या खुर्चीमुळे. भिंतीला टेकवलेली पक्की खुर्ची, हात छातीवर, उठायचं आणि सावकाश बसायचं. धपकन नाही. पहिल्या दिवशी चारदाच जमलं, मांड्या थरथरत होत्या. आता दहा-दहाच्या दोन फेऱ्या, एक दिवसाआड. मांडीत जोर आला की त्याच चढाला धाप कमी लागते.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे घाम वाळतच नाही, म्हणून सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजायच्या आत मी घरी परततो. पावसात चिऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा व्हरांड्यातच फेऱ्या. आणि एकदम थांबू नका, चक्कर येते. शेवटची पाच मिनिटं रमतगमत.

देवळाच्या पायऱ्यांवर मी अजूनही मध्ये एकदा थांबतो. पूर्वी चारदा थांबायचो.