पट्टा काचेत गेला, आता मी कोण?

“खुर्ची गेली की कोणी विचारत नाही हो.” बर्मिंगहॅममध्ये समुपदेशन करताना हे मी मराठीतही ऐकते आणि इंग्रजीतही. मुलाकडे राहायला आलेले निवृत्त साहेब म्हणतात, शाळा सुटलेल्या मुख्याध्यापिका म्हणतात. त्यांना मी टेरींची (नाव बदललंय) गोष्ट सांगते.

टेरी मुष्टियुद्धातले माजी ब्रिटिश विजेते, आता पब चालवतात. इंग्लंडात ही वाट जुनीच. १८१० आणि १८११मध्ये टॉम मॉलिनोला हरवणारा टॉम क्रिबही पुढे लंडनच्या पँटन स्ट्रीटवर पब चालवायचा. त्या पबला आज त्याचंच नाव आहे. टेरींच्या काउंटरमागे काचेच्या पेटीत लॉन्सडेल पट्टा, म्हणजे ब्रिटिश विजेत्याला मिळणारा मानाचा पट्टा, असतो. गिऱ्हाइकं रोज तीच लढत सांगायला लावतात, टाळ्या पडतात. दार बंद झालं की टेरी एकटेच पीत बसायचे.

“हल्ली विसरायला होतं,” म्हणाले, तेव्हा मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. डोक्यावर सतत ठोसे बसून मेंदूला होणारी इजा अमेरिकी डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८मध्येच नोंदवली होती. तिथे नुसतं बोलून भागत नाही. तपासण्या ठीक आल्या, मग आम्ही बोलायला बसलो.

बऱ्याच भेटींनंतर मी विचारलं, “पट्टा काढून घेतला तर तुम्ही कोण?”

“कोणीच नाही.”

“तुमच्याकडे रोज येणारे ते निवृत्त बसचालक? त्यांची तर बस गेली. तेही कोणी नाहीत?”

टेरींचा आवाज चढला. “असं बोलू नका. लाख माणूस आहे तो. बायको अंथरुणाला खिळली तेव्हा सगळं एकट्यानं केलं त्यानं.”

“पण जिंकलं काय?”

ते बोलायला गेले आणि थांबले. उजव्या हाताचे सुजून जाड झालेले सांधे डाव्या अंगठ्यानं चोळत राहिले. मग म्हणाले, “त्याला मी असं मोजत नाही.”

“मग स्वतःला का?”

हाच प्रश्न पहिल्या भेटीत विचारला असता तर ते उठून गेले असते. योग्य वेळ येईपर्यंत दम धरणं ही आमच्या कामातली खरी कसोटी, आणि ती मला साधली याचं समाधान आहे. मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा विवेकनिष्ठ विचार मानणारी. गुण कामगिरीला द्यावेत, माणसाला नव्हेत, हे त्यांचं म्हणणं त्या दुपारी मला नव्यानं पटलं.

घरचे सांगतात, “जुनं विसरा.” मला हे मान्य नाही. टेरींनी पट्टा हलवला नाही. फक्त आता ते हरलेल्या लढतीही सांगतात आणि सकाळी त्या बसचालकांबरोबर कालव्याकाठी चालायला जातात. तुम्हीही रोज एक काम असं करा, ज्याला प्रेक्षक लागत नाहीत. आणि घरच्यांनो, निवृत्त वडिलांशी बोलताना त्यांच्या हुद्द्याबद्दल जरूर विचारा, पण आज दिवस कसा गेला हेही विचारा. आणि झोप उडाली असेल, पिणं वाढलं असेल किंवा “जगून काय करू” असे शब्द तोंडी येत असतील, तर वाट पाहू नका; लगेच डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा.