बटण थोडंसं फिरवलं की आवाज मोठा होतो, म्हणजे तो अ‍ॅम्प्लिफायर जास्त ताकदीचा का?

नाही. बटण किती फिरवल्यावर किती आवाज येतो हे गेन ठरवतं, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर सिग्नल किती पट वाढवतो ते. स्वच्छ आवाज कुठपर्यंत चढेल, ते पॉवर.

हिशोब करून बघा. सीडी प्लेअर पूर्ण पातळीला साधारण २ व्होल्ट देतो. ८ ओहमच्या स्पीकरला ५० वॉट पोचवायला २० व्होल्ट लागतात, म्हणजे दहापट गेन पुरे. पण क्षीण सिग्नलही चालावा म्हणून बऱ्याच इंटिग्रेटेड (आवाजाचं बटण आणि पॉवरचा भाग एकाच डब्यात असलेल्या) अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तो याहून बराच जास्त ठेवलेला असतो. त्यामुळे बटण शेवटाला जायच्या आधीच पॉवर संपते. त्यापुढे क्लिपिंग, म्हणजे सिग्नलची टोकं छाटली जाऊन आवाज फाटणं, आणि ते लांबलं तर ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) जळू शकतो.

आता वॉटचं. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल असेल तर १ वॉटला १ मीटरवर ८७, १० वॉटला ९७, १०० वॉटला १०७. म्हणजे ५० ऐवजी १०० वॉट घेऊन मिळतात फक्त ३ डेसिबल; कानाला फरक कळतो, पण आवाज दुप्पट मुळीच वाटत नाही. निव्वळ त्यासाठी पैसे घालू नका. तेवढी वाढ ९० डेसिबलचा स्पीकर त्याच अ‍ॅम्प्लिफायरवर देतो.

मी निवडताना ४ ओहमच्या स्पीकरला किती वॉट मिळतात, तो आकडा आधी बघतो. तो ८ ओहमच्या दुपटीच्या जवळ असेल तर पॉवर सप्लाय दमदार आहे. (जाहिरातीतले ‘पीक’, म्हणजे क्षणभरच मिळणारे, वॉट सोडून द्या.) रात्री हळू आवाजात ऐकत असाल तर फार जास्त गेन उलट त्रासाचा: बटण जरा हललं की आवाज उडी मारतो.