वाचकांचे प्रश्न : इसाबेला राणीची मृत्युशय्या

प्रश्न : स्पॅनिश चित्रकार एदुआर्दो रोसालेसच्या 'इसाबेला राणीचं मृत्युपत्र' या चित्रात राणी मरणाला टेकली आहे, तरी कुणी रडत नाही. प्रसंग असाच घडला होता का?

उत्तर : हा मृत्युपत्र सांगण्याचा प्रसंग आहे, म्हणून रडारड नाही. स्पेनमधल्या कास्तील राज्याच्या राणी इसाबेलाने मेदिना देल कांपो इथे १२ ऑक्टोबर १५०४ला मृत्युपत्रावर सही केली, २३ नोव्हेंबरला पुरवणी जोडली आणि २६ला ती गेली. तिचा हात जवळून बघा. अंगात त्राण नाही, पण बोट लेखनिकाकडे वळलेलं. हुकूम अजून तिचाच आहे! डाव्या कडेला तिचा नवरा राजा फेर्नांदो खुर्चीत खचून बसलाय. कास्तीलचा मुकुट तिचा. तिच्यानंतर तो मुलगी खुआनाला मिळणार होता. खुआना गैरहजर असेल किंवा तिला राज्य चालवता येत नसेल, तरच कारभार फेर्नांदोकडे. बायको चालली आणि तिच्याबरोबर कास्तीलचं राजेपदही, हे दोन्ही त्या झुकलेल्या मानेत दिसतं. आम्हाला तरी चित्रातली ही सर्वांत प्रभावी जागा वाटते.

एक चूक मात्र आहे. राजाजवळ उभी असलेली तरुणी खुआना मानली जाते. प्रत्यक्षात ती तेव्हा फ्लँडर्समध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागात, होती.

प्रश्न : या चित्राची तैलरंगात प्रत करतोय. चादर चुना फासल्यासारखी दिसते आणि माणसं कापून चिकटवल्यासारखी.

उत्तर : मूळ चित्र सुमारे २.९ मीटर उंच, ४ मीटर रुंद आहे. ५८ × ८० सेंटिमीटरचा कॅनव्हास घेतलात तर प्रमाण बरोबर राहील.

पांढऱ्यात नुसता काळा मिसळला की निळसर, मेलेला करडा तयार होतो. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) यांचा करडा करा आणि तो पांढऱ्यात कणाकणाने घाला. निव्वळ पांढरा शेवटी, दोन-तीन चुण्यांच्या उंचवट्यांवरच. त्याआधी पूर्ण कॅनव्हासला टर्पेंटाइनने पातळ केलेल्या अंबरचा हात देऊन वाळू द्या. कोऱ्या पांढऱ्यावर उजेडाचा अंदाज चुकतो. गडद भाग पातळ ठेवा, उजेडाचे जाड. जाड, तेलकट थरावर टर्पेंटाइनचा पातळ थर चढवू नका. वरचा आधी वाळतो, खालचा नंतर हलतो, आणि भेगा पडतात.

माणसं चिकटवलेली दिसतात ती कडांमुळे. उजवीकडच्या दरबाऱ्यांच्या कडा उशीइतक्याच धारदार केल्यात तर खोलीतली हवाच, म्हणजे माणसांमधल्या अंतराचा भास, जाते. रंग ओला असतानाच कोरड्या, मऊ ब्रशने त्या पुसट करा. रोसालेसने ही हवा सतराव्या शतकातला स्पॅनिश चित्रकार वेलास्केस याच्याकडून घेतली. प्रत करताना सर्वांत जास्त वेळ इथेच द्या.

प्रश्न : मूळ चित्र कुठे आहे?

उत्तर : माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात. रोममध्ये रंगवलेल्या या चित्राला १८६४च्या राष्ट्रीय प्रदर्शनात पहिलं पदक मिळालं. रोसालेसला क्षय होता. १८७३मध्ये, ३६व्या वर्षी तो गेला.